अण्णांचं ॲव्हरेज

माणसं भेटली की एकमेकांची तब्येत विचारतात. अण्णा गाडीची विचारतात. जागा कुठली, प्रसंग कसला, याला त्यांच्या लेखी महत्त्व नाही. अक्षता पडायला दोन मिनिटं असताना त्यांनी नवरदेवाच्या मामाला, "ती बाहेरची राखाडी तुमची का? किती देते?" असं विचारलेलं मी ऐकलं आहे. मामा बेसावध होते. "देते अठरा-वीस," म्हणाले. "अठरा की वीस?" अण्णा सरसावले. "सिटीत की हायवेला? एसी लावून की काचा उघड्या ठेवून?" मंगलाष्टकं सुरू झाली म्हणून मामा सुटले.

तसे अण्णा एकटे नाहीत. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सातला डोकावा, हातात पिवळं फडकं आणि वरच्या खिशात डायरी असलेला एक गृहस्थ दिसेलच. नाशकात त्यांना तात्या म्हणत असतील, नागपुरात भाऊ. आमचे कोथरूडचे, बँकेतून निवृत्त झालेले, म्हणून अण्णा. हीरो होंडाच्या जाहिरातीनं ऐंशीच्या दशकात साऱ्या देशाला सांगितलं होतं, की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. देशानं ऐकलं. अण्णांनी टाकी भरली, झाकण लावलं आणि डायरी उघडली.

या डायरीत रकाने आहेत. तारीख, किलोमीटर, लिटर, दर, पंप, टायरमधली हवा आणि शेवटी 'शेरा'. अण्णांमधला साहित्यिक या शेवटच्या रकान्यात राहतो. 'पाऊस. डहाणूकर सर्कलला वीस मिनिटं.' 'मागे ही. पुढे दहा किलो गहू.' 'समोरून वारा.' आणि अधूनमधून तांबड्या शाईत, 'हिने चालवली.' त्या टाकीचं ॲव्हरेज बेरजेत धरत नाहीत.

पेट्रोल भरायला ते सकाळी साडेसहाला जातात. थंड वेळी पेट्रोल घट्ट असतं, म्हणजे लिटरमागे माल जास्त मिळतो, हा सिद्धांत. सिद्धांत पुस्तकात खरा आहे. पेट्रोल दहा अंशांनी तापलं तर साधारण एक टक्का फुगतं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं पेट्रोल पहाटे गारठत नाही की दुपारी तापत नाही. हे अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण नळी बाहेर असते ना?" नळीत मावणाऱ्या पेट्रोलासाठी हा माणूस साखरझोपेतून उठतो.

पंपावरचा त्यांचा विधी बघण्यासारखा असतो, फक्त मागच्या रांगेत उभं राहून बघू नये. स्कूटर मेन स्टँडवर. सीट उघडायचं. झाकण काढून टाकीत डोकवायचं. मग मीटरकडे. पोरगा "झिरो बघा काका" म्हणायच्या आधीच अण्णा झिरोकडे बघत असतात. नोझलनं 'टक्' करून बंद केलं की, "थांब, अजून जागा आहे." मग दोन्ही हातांनी स्कूटर डावी-उजवीकडे हलवायची, म्हणजे आतली हवा वर येते. पुन्हा थोडं. पुन्हा टक्. एकदा त्यांनी पाच लिटरचं सरकारी माप मागवून मोजून घेतलं. हा ग्राहकाचा हक्क आहे, फिल्टर पेपरवर थेंब टाकून भेसळ बघायचाही आहे, आणि दोन्ही बजावणारा मी पाहिलेला एकमेव ग्राहक म्हणजे अण्णा. माप बरोबर भरलं. अण्णा थोडे खट्टू झाले.

तर असल्या माणसाला एके दिवशी पंपावरच्या पोरानं विचारलं, "साधं की पॉवर?"

हा प्रश्न अण्णांना नवा नव्हता. तरुणपणी त्यांच्याकडे चेतक होती, दोन टक्के ऑइल मारून पेट्रोल घ्यायची, सकाळी सुरू व्हायच्या आधी कुशीवर आडवी व्हायची. तेव्हाही पंपावर ८७ आणि ९३ असे दोन आकडे असायचे. ९३ वाले लोक वेगळे, मोटारवाले. अण्णा जन्मभर ८७ वाले होते. त्या काळी आकडा वाढवायला पेट्रोलात शिसं घालत, आपल्याकडे ते २००० साली फेब्रुवारीत देशभर बंद झालं, आणि मधल्या काळात साधं पेट्रोलच ९१ झालं. अण्णांच्या मते ही पगारवाढ होती. "आपण काही न करता ८७ वरून ९१ वर आलो," असं ते सांगायचे.

पण तेवढ्यात स्कूटर चांदणी चौकाच्या चढाला टकटक वाजायला लागली. मागे काकू, पुढे गहू, तिसरा माणूस कोणी नाही. गॅरेजवाला पोरगा घाईत होता, तो म्हणाला, "पॉवर टाकून बघा काका." पोरगा विसरला असेल. अण्णांनी ते वाक्य तारखेसह लिहून ठेवलं.

आता इथे थोडं इंजिनात शिरावं लागेल. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण दट्ट्यानं दाबलं जातं, मग प्लगची ठिणगी पडते आणि ते पेटतं. कधी कधी ठिणगीपासून निघालेली ज्योत सगळीकडे पोचायच्या आत उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपणहून पेट घेतं. ती टकटक म्हणजे नॉकिंग. पेट्रोल हे किती सहन करतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाचा द्रव १००, हेप्टेन शून्य. ९१ म्हणजे नऊ भाग हेप्टेन आणि एक्क्याण्णव भाग आयसो-ऑक्टेन यांच्या मिश्रणाइतकं दमदार. बस्स. आकडा मोठा म्हणजे लिटरमध्ये ताकद जास्त, असं मुळीच नाही. ९१ च्या लिटरात आणि ९५ च्या लिटरात उष्णता जवळपास सारखीच. ज्या इंजिनात दाब फार, टर्बो वगैरे लावलेला, त्याला जास्त सोशिक पेट्रोल लागतं. ज्याला लागत नाही, त्याला दिलं तर ते शांतपणे जाळतं आणि उपकाराची जाणीव ठेवत नाही.

हे मी अण्णांना जिन्यात उभं राहून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे ९५ जास्त सोशिक?"

"हो."

"आणि ९१ कमी?"

"हो, पण तुमच्या इंजिनाला ९१ पुरतं."

"अरे, पुरतं म्हणून काय तेवढ्यावरच ठेवायचं? इतकी वर्षं चाललीय माझ्याबरोबर. कधीतरी चांगलंचुंगलं नको तिला?"

अण्णांची सगळी आकडेमोड या वाक्यापाशी संपते. दहा पैशांचा हिशेब लिहिणारा हा माणूस 'पॉवर'च्या नळीसमोर उभा राहिला की भावनिक होतो. पेट्रोल कंपन्यांना हे चांगलं माहीत असावं. पॉवर, स्पीड, एक्स्ट्राप्रीमियम, एक्सपी ९५, ही नावं बघा. 'सोशिक' असं नाव कुणी ठेवलेलं नाही.

पुढे अण्णांनी प्रयोग केला. सलग टाक्या पॉवरच्या, डायरीत प्रत्येक नोंद, शेरे निर्विकार. निकाल लागला तेव्हा गणपतीच्या मीटिंगमध्ये वर्गणीचा विषय बाजूला ठेवून त्यांनी तो जाहीर केला. साध्या पेट्रोलवर ४६.३, पॉवरवर ४८.१. दशांशावर त्यांनी आवाज चढवला. टाळ्याही पडल्या. अण्णांना टाळ्या मिळाल्या की वर्गणीचा विषय टळतो, हे सोसायटीला ठाऊक आहे.

खुलासा काकूंनी केला, तोही मीटिंग संपल्यावर, चपला घालता घालता. "पॉवर टाकल्यापासून हे पंचवीसच्या वर जातच नाहीत. ब्रेक लावायला नको म्हणून सिग्नल दिसला की शंभर फुटांवरूनच हात सैल सोडतात. मागचे रिक्षावाले काय काय बोलतात, ते मला ऐकावं लागतं. यांना हेल्मेटमधून ऐकू येत नाही."

गोम तिथे होती. भारी पेट्रोल घातलं की माणूस ॲक्सिलरेटर जपून पिळतो. सात रुपये जादा दिलेत, ते उधळायचे नाहीत, म्हणून तो हळू जातो, एकसारखा जातो, उगाच रेस करत नाही. आणि हळू, एकसारखं गेलं की कुठल्याही पेट्रोलवर ॲव्हरेज वाढतं. वर आणखी, 'फुल' नेमकी कुठे होते हे पंपावरच्या पोराच्या मनगटावर आणि स्कूटर किती हलवली यावर अवलंबून. चार-पाच लिटरच्या टाकीत शंभर-दोनशे मिली इकडे-तिकडे झाले की दशांश काय, पूर्णांकसुद्धा हलतो. अण्णांच्या प्रयोगात मोजलं गेलं ते अण्णांचं वागणं.

शेवटचा घाव नातीनं घातला. ती नववीत आहे, आणि गणित अजून मनापासून करते. साधं १०४ रुपये, पॉवर १११, असे त्या महिन्याचे भाव डायरीतच होते. तिनं भागाकार केला. "आजोबा, साध्यावर किलोमीटरला दोन रुपये पंचवीस पैसे पडले. पॉवरवर दोन रुपये एकतीस. म्हणजे ॲव्हरेज वाढूनसुद्धा सहा पैसे जास्तच गेले." सात रुपये भाव वाढला तर ॲव्हरेजही जवळजवळ सात टक्के वाढायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी होते. अण्णांनी तिची वही घेतली, भागाकार तपासला, खाली बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "पैशांचा प्रश्नच नाहीये. तत्त्वाचा आहे."

तत्त्व कुठलं, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

रोज सकाळी अण्णा एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातात. ज्या संस्थेवरून टेकडीला हे नाव पडलं, ती गाड्यांची चाचणी करणारी, १९६६ सालची संस्था तिथेच आहे, आणि देशभरच्या गाड्यांच्या जाहिरातीत जो मायलेजचा आकडा छापतात तो तिच्या नावानं ओळखला जातो. अण्णा कुंपणाकडे हात करून सोबतच्यांना सांगतात, "इथे फसवणूक होते." फसवणूक होत नाही. तिथे गाडी रोलरवर चढवतात, जागच्या जागी चाकं फिरतात, पडद्यावरच्या रेषेप्रमाणे ड्रायव्हर वेग कमी-जास्त करतो. वारा नाही, खड्डा नाही, मागे काकू नाहीत. आणि पेट्रोल टाकीतून मोजत नाहीत, नळीतून निघालेल्या धुरात कार्बन किती, त्यावरून हिशेब मांडतात. ही शेवटची गोष्ट कळली त्या दिवशी अण्णा टेकडीवरून फार लवकर खाली आले. "धुरावरून?" दिवसभर ते एवढंच म्हणत होते. मला वाटतं, आपण आयुष्यभर चुकीच्या टोकाला वाकलो, असं त्यांच्या मनात आलं असावं.

मुलगा न्यू जर्सीत, एडिसनला. अण्णा तिकडे तीन महिने राहून आले, आणि अमेरिकेबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं एकच आहे. तिथे साधं पेट्रोल ८७ असतं. "सत्त्याऐंशी! आणि म्हणे महासत्ता! आपलं ९१." मुलानं बिचाऱ्यानं समजावलं, की ऑक्टेन मोजायच्या दोन रीती आहेत, आपण एकीचा आकडा लावतो, अमेरिकेत दोन्हींची सरासरी लावतात, त्यामुळे तिथलं ८७ आणि आपलं ९१ जवळपास एकच. अण्णांनी ही सरासरी मान्य केली नाही. सरासरीच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत. बाकी न्यू जर्सी त्यांना आवडलं, कारण अमेरिकेत तेवढ्या एका राज्यात गिऱ्हाइकाला स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी आहे, पंपावर माणूस असतो. त्याला त्यांनी झिरो दाखवायला लावला.

त्याच मुलानं त्यांना आणखी एक कागद काढून दिला होता. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संस्थेनं २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून चाचण्या घेतल्या. ना ताकद वाढली, ना मायलेज, ना धूर कमी झाला. असं विनाकारण प्रीमियम घालणारे लोक तिथे वर्षाला दोनशे कोटी डॉलरहून जास्त वाया घालवतात, असा त्यांचा हिशेब. अण्णांनी कागद वाचला, घडी घातली, डायरीत ठेवला. "अमेरिकेतल्या गाड्या," ते म्हणाले, "वेगळ्या."

प्रीमियमची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अण्णांवर अन्याय होईल. त्या पेट्रोलात इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारी द्रव्यं जास्त घालतात, त्याचा लांबच्या पल्ल्यात थोडा उपयोग होतो. ज्या मोटारीत नॉक सेन्सर असतो आणि जिचं इंजिन मुळातच ९५ धरून बनवलेलं असतं, तिथे फरक जाणवतोही. अण्णांच्या स्कूटरला कार्बोरेटर आहे. सेन्सर म्हणून जो काही आहे तो अण्णांचा कान. आणि टकटक कशानं होत होती, ते पुढे सर्व्हिसिंगला कळलं. आतमध्ये कार्बन साचला होता आणि एअर फिल्टर काळाकुट्ट झाला होता. "काका, किती वर्षं बदलला नाही?" पोरानं विचारलं. फिल्टरला दोनशे-अडीचशे रुपये पडतात, आणि सर्व्हिसिंगवाले लुटतात, हे अण्णांचं दुसरं तत्त्व. लिटरमागे सात रुपये देताना न दुखणारा त्यांचा खिसा फिल्टरच्या नावानं शिवलेला असतो. घरची मोटार, वॅगन आर, घेऊन ताम्हिणी घाट उतरतानाही तेच. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की पेट्रोल आपणहून बंद करतात, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जळतच राहतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर. काकू त्या घाटात डोळे मिटून रामरक्षा म्हणतात. ॲव्हरेजशी रामरक्षेचा संबंध नाही.

अलीकडे मात्र अण्णांवर खरोखरच संकट आलं. पेट्रोलात इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉलच्या लिटरात उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. म्हणून ॲव्हरेज घटणार हे नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे. जुन्या दुचाकींना तीन-चार टक्के, जुन्या मोटारींना सहा-सात. अण्णांच्या डायरीनंही ते ओळखलं होतं. पहिल्यांदाच डायरी आणि अहवाल जुळले, आणि अण्णांची सोसायटीत पत वाढली. लोक विचारायला येऊ लागले.

पण त्या बातमीला एक शेपूट होतं. इथेनॉलचं ऑक्टेन मुळात बरंच जास्त. वीस टक्के मिसळल्यावर आपलं साधं पेट्रोलच ९५ झालंय, असं खुद्द सरकारनं सांगितलं.

"कुठलं ९५?" अण्णांनी पेपर खाली ठेवला.

"साधं."

"म्हणजे पॉवर?"

"नाही अण्णा, साधं. हिरव्या नळीतलं नेहमीचं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ज्या आकड्यासाठी त्यांनी लिटरमागे सात रुपये मोजले, तो आकडा पंपावरच्या प्रत्येक रिक्षात, प्रत्येक खटाऱ्यात जात होता. चांगलंचुंगलं सगळ्यांनाच मिळायला लागलं तर त्यात चांगलं काय उरलं? संध्याकाळी ते खाली आले तेव्हा मार्ग सापडला होता. "शंभर," ते म्हणाले.

१०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, इथेनॉलही नसलेलं. इंडियन ऑइलनं ते डिसेंबर २०२० मध्ये आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे होतं आणि दिल्लीत भाव होता लिटरला १६० रुपये. ते महागड्या, अतिवेगवान गाड्यांसाठी आहे. लग्नाच्या वाढदिवसाला अण्णांनी त्यातलं एक लिटर स्कूटरला घातलं. पंपावर त्यांच्या पुढे एक जर्मन मोटारसायकल होती, तिच्या मालकाला त्यांनी "किती देते?" विचारलं. त्याला सांगता आलं नाही. काकू म्हणाल्या, त्या पैशांत मोगऱ्याचे चार गजरे आले असते. त्या दिवसाच्या रकान्यात शेरा आहे, 'उत्तम. आवाज मऊ.' ॲव्हरेज लिहिलेलं नाही, कारण एक लिटर उरलेल्या साध्यात मिसळलं आणि हिशेबच लागेना.

तुम्ही कधी सकाळी पंपावर गेलात आणि पुढे सीट उघडून, वाकून टाकीत बघणारे गृहस्थ दिसले, तर रांग बदला. आणि पोरानं "पॉवर टाकू का?" विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका एकदा उघडून बघा, इंधनाच्या पानावर आकडा छापलेला असतो. तिथे ९१ असेल तर "साधंच टाक" म्हणा, उरलेल्या पैशांतून टायरमध्ये नीट हवा भरा आणि एअर फिल्टर बदला. अण्णांची पुस्तिका डिकीतच आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, अजून सील न फोडलेली.